अक्षरव्यत्यास : गोदातीरावरील एक शब्दखेळ व पोथीवाचनांतील त्याची साक्ष

पंचवटींत रामकुंडावर येणाऱ्या यात्रेकरूंत वाल्मीकीची कथा ज्यास ठाऊक नाहीं असा विरळाच. 'राम' हें नाम मुखांतून निघेना, म्हणून त्या वाटमाऱ्यास 'मरा मरा' असा जप सांगितला, आणि त्याच जपांतून रामनाम उमटलें, ही अध्यात्मरामायणांतील आख्यायिका कीर्तनकारांनीं घरोघर नेली आहे. भाविक तींत नाममाहात्म्य पाहतो. पोथ्या वाचणारानें तींत आणखी एक गोष्ट पाहावी : अक्षरें तींच राहिलीं, क्रम तेवढा उलटला, आणि अर्थ पालटला. अशा उलटापालटीस प्रस्तुत लेखांत 'अक्षरव्यत्यास' म्हटलें आहे. हा खेळ केवळ मनोविनोदाचा नव्हे. पोथीचा पाठ ठरवितांना तो साक्षीदार होऊं शकतो, आणि त्याचें ज्ञान नसल्यास संपादकाच्या हातून पोथीची हानि होते, एवढें दाखविण्याचा येथें उद्देश आहे.

प्रथम आपल्या लिपीचा स्वभाव ध्यानांत घेतला पाहिजे. युरोपांतील भाषांत स्वर व व्यंजनें सुटीं लिहिलीं जातात. तेथें शब्द मोडला म्हणजे एकेक वर्ण मोकळा होतो, आणि त्यांची वाटेल तशी जुळणी करतां येते. देवनागरींत स्वर व्यंजनास चिकटून असतो. म्हणून आपल्याकडे हलतें तें अक्षर, वर्ण नव्हे. 'सदा' उलटा वाचला कीं 'दास' होतो, 'राधा' उलटली कीं 'धारा' होते, आणि 'वामन' उलटा केला असतां 'नमवा' अशी मराठी आज्ञाच हातीं येते. क्रम निव्वळ उलटा न करितां वाटेल तसा हलविला तर 'कमल' या तीन अक्षरांचीं सहा रूपें होतात. त्यांपैकीं 'कमल' व 'कलम' हीं दोन सार्थ, बाकीचीं चार निरर्थक. लेखकाच्या हातीं कलम आणि लक्ष्मीच्या हातीं कमल यांत भेद तो केवळ दोन अक्षरांच्या जागांचा.

ही विद्या अर्वाचीन नाहीं. वात्स्यायनानें सांगितलेल्या चौसष्ट कलांत प्रहेलिका, अक्षरमुष्टिकाकथन व म्लेच्छितविकल्प या कला आहेत. त्यांतील शेवटचीचा अर्थ, अक्षरें बदलून इतरांस न कळेल असें बोलणें वा लिहिणें, असा जयमंगला टीकेंत केला आहे. दंडीनें काव्यादर्शाच्या तिसऱ्या परिच्छेदांत प्रहेलिकांचे सोळा प्रकार मांडले. भारवीच्या किरातार्जुनीयाचा पंधरावा व माघाच्या शिशुपालवधाचा एकोणिसावा सर्ग तर अशा चित्रबंधांसाठींच प्रसिद्ध आहेत. विद्वानांच्या या खेळाचें धाकटें भावंड मुलांच्या 'च'च्या भाषेंत सांपडतें. तींत शब्दाचें पहिलें व्यंजन शेवटीं जातें व त्याच्या जागीं 'च' येतो : 'नाशिक' याचें 'चाशिक न', 'रामकुंड' याचें 'चामकुंड र'. वडील माणसांस कळूं नये हाच तिचा हेतु, आणि म्लेच्छितविकल्पाचाहि हेतु दुसरा नव्हता.

हलविलेल्या अक्षरांचीं रूपें होतात तरी किती, हा प्रश्न खेळाचा नव्हे, गणिताचा आहे, आणि त्याचें उत्तर आपल्या बाजूस फार पूर्वीं दिलेलें आहे. भास्कराचार्यानें शके १०७२ (इ. स. ११५०) च्या सुमारास रचलेल्या लीलावतींत 'अंकपाश' नांवाचें प्रकरण आहे. वस्तु जितक्या, तितक्यांपर्यंतच्या अंकांचा एकापासून गुणाकार करावा, म्हणजे त्यांच्या मांडणीचे भेद निघतात; आणि त्यांत कांहीं वस्तु सारख्या असल्या तर त्या सारख्यांच्या भेदांनीं भागावें, असा त्याचा नियम. 'कमल' याचे भेद सहा. पण 'कनक' यांत 'क' दोनदां आल्यामुळें सहास दोहोंनीं भागून तीनच उरतात. भास्करानें उदाहरणें मात्र अक्षरांचीं न देतां देवांचीं दिलीं. दशभुज शंभूच्या हातांतील पाश, अंकुश, सर्प, डमरू इत्यादि दहा वस्तूंची अदलाबदल केली तर मूर्तिभेद ३६,२८,८०० होतात, आणि शंख, चक्र, गदा व पद्म धारण करणाऱ्या चतुर्भुज विष्णूचे २४. मूर्तिशास्त्रांतील केशवादि चोवीस मूर्ति त्या याच. चोवीसहि मूर्तींच्या हातांत वस्तु चारच. त्यांच्या क्रमावरून केशव कोणता व नारायण कोणता हें ठरतें. ज्या संग्राहकानें हातांतील आयुधें पाहून विष्णुमूर्तीचें नांव ठरविलें आहे, त्यानें नकळत अक्षरव्यत्यासच सोडविला आहे.

हें गणित ग्रंथांतच पडून राहिलें नव्हतें. नाशिक जिल्ह्यास लागून असलेल्या चाळीसगांव तालुक्यांत पाटण येथें भास्कराचा नातू चांगदेव यानें आजोबाच्या ग्रंथांच्या अध्यापनार्थ मठ स्थापिला. त्याचा शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणला. चांगदेव हा यादव सिंघणाचा मुख्य ज्योतिषी होता असें त्यावरून कळतें. त्या लेखाच्या शेवटीं दानाविषयींच्या ओळी जुन्या मराठींत आहेत, म्हणून मराठीच्या अभ्यासकांसहि तो परिचित आहे.

आतां नाशिकाहून गोदेच्या प्रवाहाबरोबर खालीं, पैठणाच्याहि पुढें जावें. तेथें नदीच्या उत्तरेस पार्थपूर, म्हणजे हल्लींचें परभणी जिल्ह्यांतील पाथरी, लागतें. या गांवीं ज्ञानराज नांवाचा ज्योतिषी होऊन गेला; त्याचा सिद्धांतसुंदर हा ग्रंथ शके १४२५ चा. त्याचा पुत्र सूर्य, ज्यास सूर्यदास, सूर्यपंडित वा दैवज्ञ सूर्यकवि असेंहि म्हणतात. त्यानें भास्कराच्या बीजगणितावर सूर्यप्रकाश ही टीका शके १४६० मध्यें व लीलावतीवर गणितामृतकूपिका ही टीका शके १४६३ मध्यें लिहिली. याच सूर्यानें रामकृष्णविलोमकाव्य रचलें. त्याच्या प्रत्येक श्लोकाचें पूर्वार्ध रामाचें वर्णन करतें. तेंच पूर्वार्ध शेवटच्या अक्षरापासून उलटें लिहिलें कीं उत्तरार्ध होतें, आणि तें कृष्णाचें वर्णन करतें. अंकपाशाचें प्रकरण ज्यानें टीकेंत उलगडलें, त्यानेंच अक्षरांच्या एका क्रमांतून दोन अवतार उभे केले, हा योग लक्षांत ठेवण्याजोगा आहे. पुढें सतराव्या शतकांत कांचीकडील वेंकटाध्वरी यानें राघवयादवीय लिहिलें. त्यांत सबंध श्लोक उलटा वाचावयाचा असतो. सूर्याची रीत निराळी. त्याचें उलटें रूप श्लोकांतच लिहिलेलें असतें.

पाठनिर्णयाच्या दृष्टीनें या भेदास फार महत्त्व आहे. सामान्य श्लोकांत लेखकानें एक अक्षर चुकविलें आणि चुकलेल्या अक्षरानेंहि अर्थ लागला, तर चूक पकडण्यास दुसरी प्रत मिळवावी लागते. सूर्याच्या श्लोकांत प्रत्येक अक्षर दोनदां लिहिलेलें आहे. पूर्वार्धाचें पहिलें अक्षर उत्तरार्धाचें शेवटचें. दुसरें तें शेवटून दुसरें. दोहोंत मेळ नसला कीं एका ठिकाणीं लेखक घसरला हें निश्चित. श्लोक आपली दुसरी प्रत आपल्याच पोटांत घेऊन चालतो. एकटी, खंडित व अशुद्ध पोथी हातीं लागली तरी तिचा बराच भाग तिच्याच साक्षीनें शुद्ध करतां येतो.

परंतु ही साक्ष संपादकानें स्वतःच पुसून टाकूं नये. छापण्याच्या वेळीं पोथीचें लेखन 'शुद्ध' करण्याची चाल आहे. अनुस्वाराच्या जागीं परसवर्ण घालणें हा त्यांतलाच एक प्रकार. सामान्य ग्रंथांत यानें फारसें बिघडत नाहीं. विलोमकाव्यांत मात्र बिघडतें. 'वंदे' हें अनुस्वारानें लिहिलें असतां 'वं' आणि 'दे' अशीं दोन अक्षरें होतात व उलटून 'देवं' असें सार्थ पद मिळतें. तेंच 'वन्दे' असें लिहिलें कीं 'व' व 'न्दे' झालें. उलटून 'न्देव', ज्यास अर्थ नाहीं. व्याकरणदृष्ट्या दोन्ही लेखनें ग्राह्य, पण कवीची खुबी एकांतच जिवंत राहते. जोडाक्षर मात्र आंत न फुटतां सबंधच उलटतें. म्हणून अशा पोथीची नक्कल अक्षरशः करावी, आणि सुधारणा करावयाचीच तर ती समासांत लिहावी.

येथें कोणी म्हणेल कीं, अर्थ लागला म्हणजे पुरे. तसें नाहीं, याचा मोठा दाखला युरोपांत घडला. सन १६१० मध्यें गॅलिलिओ यास दुर्बिणींतून शनीचें बिंब तीन मिळून झाल्यासारखें दिसलें. शोधाचा मान तर जाऊं नये, आणि तो इतक्यांत फुटूंहि नये, म्हणून त्यानें एका लॅटिन वाक्याचीं ३७ अक्षरें हलवून पाठविलीं. केप्लर यानें तीं जुळवून मंगळास दोन सोबती आहेत अशा आशयाचें एक वाक्य काढलें. अर्थ लागला, पण वाचन चुकलें. नवल असें कीं, १८७७ सालीं अॅसफ हॉल यास मंगळाचे दोन उपग्रह खरोखरीच सांपडले. केप्लरचें विधान खरें ठरलें, तरी तें गॅलिलिओचें वाक्य होतें असें त्यामुळें होत नाहीं. वाचन सार्थ असणें, किंबहुना सत्य असणें, निराळें आणि तें मूळ लेखकाचें असणें निराळें. अंकपाशाचा हिशेब याचें कारण सांगतो. अकरा निरनिराळ्या अक्षरांच्या एका चरणाचे भेद ३,९९,१६,८०० होतात. एवढ्यांतून कांहीं सार्थ निघाले तर त्यांत आश्चर्य तें काय? मोकळ्या व्यत्यासास उत्तरें अनेक, विलोमास एकच. क्रम बांधलेला असला म्हणजे तो साक्ष देतो. सुटा असला म्हणजे ज्यास जें हवें तें बोलतो.

हाच विवेक महानुभावांच्या पोथ्यांच्या बाबतींत उपयोगी पडला. त्या पंथाचें वाङ्मय सकळ, सुंदरी, वज्र, अंक इत्यादि संकेतलिपींत बांधलेलें होतें. त्यांतील सकळ लिपीचें कर्तृत्व परंपरेनें रवळोव्यासाकडे दिलें जातें. येथें अक्षराची जागा हलत नाहीं, अक्षरच दुसऱ्या अक्षराचें सोंग घेतें. म्हणून हा व्यत्यासाचा चुलत प्रकार म्हणावा. पंथाबाहेरच्यांस त्या पोथ्या शतकानुशतकें निरर्थक अक्षरांच्या राशी वाटत, आणि जें कळत नाहीं त्याविषयीं प्रवाद उठतात तसे त्यांविषयींहि उठले. विसाव्या शतकाच्या आरंभीं वि. का. राजवाडे व वि. ल. भावे यांच्या परिश्रमानें ती कुलपें उघडलीं आणि लीळाचरित्रासारखें तेराव्या शतकांतील गद्य मराठीच्या पदरीं पडलें. हें यश अंदाजाचें नव्हे. किल्ली खरी असेल तर ती पोथीच्या एका पानावर लागून दुसऱ्यावर अडत नाहीं. तेंच सोंग सर्वत्र तेंच रूप देतें. केप्लरच्या वाक्यास ही कसोटी नव्हती, सकळ लिपीच्या वाचनास ती होती.

नाशिक व निफाड या भागांतील संग्राहकांस हें विशेष सांगावयाचें कारण असें कीं, सुकेण्यासारखीं महानुभावांचीं स्थानें याच जिल्ह्यांत आहेत, आणि क्षेत्रोपाध्यायांच्या व जुन्या शास्त्रीमंडळींच्या घरीं पोथ्यांचीं गाठोडीं आहेत. आपल्याकडे न कळणारी, कसर लागलेली पोथी गंगार्पण करण्याची चाल आहे. नाशिककरांची गंगा म्हणजे गोदाच. ज्या नदीच्या कांठीं हीं काव्यें व हीं गणितें जन्मलीं, तिच्याच प्रवाहांत त्यांच्या कित्येक प्रती श्रद्धापूर्वक बुडाल्या असतील. श्रद्धेस दोष देण्याचें कारण नाहीं. परंतु पोथी सोडण्यापूर्वीं तिचें एक पान उलटें वाचून पाहावें, तेंच अक्षर तशाच जागीं पुनः पुनः येतें कीं काय हें मोजावें, आणि मगच ती निरर्थक ठरवावी. सन १८४० पासून चालत आलेलें सार्वजनिक वाचनालय या शहरांत आहे. जाणत्यास दाखविण्याची सोय नाहीं असें येथें कोणी म्हणूं नये.

तात्पर्य, न समजणारें अक्षर हें प्रत्येक वेळीं चुकलेलें अक्षर नसतें. कधीं तें उलटें चालत असतें, कधीं तें दुसऱ्याचा वेष घेऊन बसलेलें असतें. 'मरा' म्हणणाऱ्यास कोणी मधेंच थांबवून शुद्ध बोलावयास लाविलें असतें, तर त्या आख्यायिकेंत रामनाम कधींच उमटलें नसतें. पोथीसहि तेवढीच सवड द्यावी, इतकीच विज्ञापना.