मृत्युपत्र आणि कुळाची जमीन

मंडळी, सफाळ्याला बोलायचं म्हणजे जमिनीचा विषय टाळून चालत नाही. आज एकच प्रश्न घेतो. गेलेल्या माणसाची इच्छा जमिनीवर कुठवर चालते?

आपल्या धर्मशास्त्रात दानाचा विचार आहे, वारसाहक्काचाही आहे. मृत्युपत्र मात्र इंग्रजी अमदानीत, कोर्टाच्या वाटेने रुजलं. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तर एकत्र कुटुंबातला आपला हिस्साही मृत्युपत्राने देण्याची मोकळीक दिली. कुणाला? वाटेल त्याला.

त्याच सुमारास आपल्याकडे दुसरं चक्र फिरत होतं. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात वारल्यांच्या जमिनी कागदावरच्या अंगठ्यांनी सावकारांकडे गेल्या होत्या. १९४५ साली वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. १९४८ साली कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कूळ मालक मानलं गेलं. पण कलम ४३ने अट घातली, की कलेक्टरच्या परवानगीशिवाय ही जमीन विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, गहाण टाकायची नाही, कुणाच्या नावे करायची नाही.

या यादीत मृत्युपत्र हा शब्द नाही. वाद तिथेच सुरू झाला. मृत्युपत्राने हयातीत काहीच हलत नाही, मग ते हस्तांतरण कसं? निकाल दोन्ही बाजूंनी लागत गेले. अखेर २०२० साली गुजरातमधल्या एका खटल्यात (तिथेही मूळ कायदा हाच) सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की 'नावे करून देणं' यात मृत्युपत्रही येतं. नाहीतर जे उघड विकता येत नाही ते मृत्युपत्राच्या आडून परक्याच्या हाती गेलं असतं.

यात अन्याय होऊ शकतो, हे मी मान्य करतो. निपुत्रिक म्हाताऱ्याची सेवा शेजाऱ्याने केली, आणि त्याला जमीन द्यायची इच्छा कायद्याशी अडली, तर वाईट वाटणारच. पण आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवताना एक गोष्ट पटली. 'माझी इच्छा' म्हणायला आधी माणूस दबावातून मोकळा असावा लागतो. कर्जाखाली उमटलेल्या अंगठ्याला इच्छा कशी म्हणणार? त्या अंगठ्यांची आठवण कायद्याने ठेवली, एवढंच.

तेव्हा मृत्युपत्र लिहिण्याआधी सातबाऱ्यावरचं 'इतर अधिकार' सदर नीट वाचा. तिथे कलम ४३चा शेरा असेल, तर आधी तहसील कचेरीत चौकशी करा आणि मगच कागदाला हात लावा.