उजनीकाठी गळ टाकायचाय? काठी, रीळ, तंगूस घेताना काय बघावं, पैसे कुठं वाचवावेत

इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत : उजनीचं पाणी उतरू लागलं की भीमेच्या दोन्ही काठांवर हौशी गळवाल्यांची गर्दी वाढते. पूर्वी बांबूची काठी, चार हात तंगूस आणि गांडुळाचा डबा एवढ्यावर भागायचं. आता दुकानात आणि ऑनलाइन रंगीबेरंगी 'कॉम्बो सेट' मिळतात. काठी, रीळ, दोरा, रबरी मासे सगळं एकाच पिशवीत. त्यातले बरेच सेट दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच जवाब देतात. म्हणूनच नव्यानं साहित्य घेणाऱ्यांसाठी ही उपयोगी माहिती.

आधी मासा ठरवा, मग दुकान

उजनी जलाशयात चिलापी भरपूर. शिवाय रोहू, कटला, मृगळ, मरळ, शिवडा, वाम, शिंगटा असे मासे मिळतात. प्रत्येकाची खाण्याची जागा आणि तऱ्हा वेगळी असते. चिलापीचं तोंड लहान, ती काठाजवळ येते. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, तर मृगळ तळाला. मरळ गवता-शेवाळात दबा धरून बसते आणि हलणाऱ्या भक्ष्यावर झडप घालते. शिवडा दांडगा आणि दातेरी. त्यामुळं 'सगळ्या माशांसाठी एकच सेट' असं दुकानदार म्हणाला, तरी तसं नसतं. नवख्यानं चिलापी-रोहूपासून सुरुवात केली तर कमी खर्चात हात बसतो.

काठी : बांबू, फायबर की कार्बन?

चिलापीसाठी सरळ, वाळलेला, १० ते १२ फुटी बांबू आजही उत्तम. पेरांवर चीर नाही ना, शेंड्याकडं लवचिक आहे ना, एवढं बघावं. रिळाशिवाय काम होतं आणि मुलांच्या हातीही देता येतो.

लांब फेकायचं असेल तर रिळाची काठी लागते. फायबर ग्लासची काठी थोडी जड, पण दणकट. धक्का, आपटणं, मोटारसायकलवरचा प्रवास ती सोसते. कार्बनची काठी हलकी आणि चपळ, पण एका जागी ठेच लागली की पुढं ऐन जोरात तिथंच तुटते. पहिली काठी फायबरची घेतलेली बरी. तळाला आमिष टाकून बसायचं असेल तर ८ ते १० फुटी, रबरी बेडूक किंवा खोटा मासा फेकून ओढायचा असेल तर ६ ते ७ फुटी काठी सोयीची.

एकात एक सरकणारी टेलिस्कोपिक काठी पिशवीत मावते, हा तिचा मोठा गुण. दोष असा की सांध्यात वाळू शिरली की ती अडकते, आणि शेंड्याचा तुकडा नाजूक असतो. दोन तुकड्यांची जोडकाठी जास्त टिकते.

दुकानात तीन गोष्टी तपासाव्यात. एक, काठीवरच्या कड्यांच्या आतून कापसाचा बोळा फिरवावा. तंतू अडकले तर कडं आतून तडकलंय, आणि तेच तडकलेलं कडं तंगूस कापणार. दोन, सगळी कडी एका रेषेत आहेत का, ते डोळ्यासमोर काठी धरून बघावं. तीन, किती ग्रॅम वजन फेकता येतं हे काठीवर लिहिलेलं असतं, ते वाचावं. १० ते ३० ग्रॅम लिहिलेल्या काठीनं ८० ग्रॅमचं शिसं फेकलं तर दोष काठीचा नाही.

रीळ : बेअरिंगच्या आकड्याला भुलू नका

डब्यावर '१२ बेअरिंग', '१३ बेअरिंग' असं ठळक छापलेलं असतं. बेअरिंग जास्त म्हणजे रीळ चांगलं, असा हिशेब नाही. हलक्या दर्जाच्या दहांपेक्षा चांगल्या दर्जाची तीन-चार कधीही बरी. नवख्यांसाठी साधं स्पिनिंग रीळ घ्यावं. चिलापीला २००० नंबर, रोहू-मरळीला ३००० ते ४००० नंबर पुरतो.

रीळ हातात घेऊन मूठ सावकाश फिरवावी. खरखर किंवा मधेच अटकाव जाणवला तर बाजूला ठेवावं. मूठ उलटी फिरवून बघावी, ढिली मागं येता कामा नये. मग ड्रॅगची चकती थोडी घट्ट करून दोरा हातानं ओढावा. तो सलग, एकसारखा सुटला पाहिजे. झटके देत सुटला, तर मोठा मासा लागल्यावर त्याच झटक्यात तंगूस तुटतं. ज्यावरून दोरा वळतो ती छोटी फिरकी मोकळी फिरते का, हेही बोटानं बघावं.

रिळावर '०.३० / १५०' असं काही लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ ०.३० मिलिमीटर जाडीचा दोरा १५० मीटर मावतो. दोरा भरताना कडेपासून साधारण २ मिलिमीटर जागा सोडावी. कमी भरला तर फेक आखूड पडते, काठोकाठ भरला तर एकदम गुंता सुटतो.

तंगूस : इथं कंजुषी नको

मासा आणि माणूस यांच्यात शेवटी तंगूसच असतं. पण बहुतेक जण काठीवर पैसे घालून तंगूस स्वस्तातलं घेतात. चिलापीला ०.२० ते ०.२५, रोहू-मृगळाला ०.३० ते ०.३५, मरळ-शिवड्याला ०.४० मिलिमीटर किंवा त्याहून जाड असा ढोबळ हिशेब धरावा.

स्वस्त रिळांवर छापलेल्या किलोंवर फार विसंबू नये. गाठ मारली की दोऱ्याची ताकद मुळातच कमी होते. गाठ आवळण्यापूर्वी ओली करावी, कोरडी आवळली तर घर्षणानं तापून दोरा तिथंच कमजोर होतो. नायलॉनला ऊन सोसत नाही. दुकानाच्या दर्शनी भागात महिनोन् महिने उन्हात टांगलेलं बंडल घेऊ नये. बोटांत धरून चिमटा देत ओढावं, खरबरीत लागलं किंवा पांढुरकं दिसलं की नको म्हणावं. नियमित वापरणाऱ्यानं दर हंगामात दोरा बदलावा.

विणलेला म्हणजे ब्रेडेड दोरा बारीक असूनही ताकदवान असतो आणि गवतात मरळीसाठी कामाला येतो. पण तो महाग असतो, खडकावर घासला की लवकर तुटतो, आणि बोटाला गुंडाळून ओढला तर बोट चिरतो. तळात अडकलेला गळ सोडवताना ब्रेडेड दोरा काठीच्या तुकड्याला गुंडाळूनच ओढावा.

गळ, शिसं, बोया

गळाच्या नंबरांचा हिशेब उलटा आहे. १२ नंबर बारीक, ८ मोठा, ४ त्याहून मोठा, १ अजून मोठा. त्यापुढं १/०, २/०, ३/० असे वाढत जातात. चिलापीला ८ ते १०, रोहूला ४ ते ६, मरळीला १/० ते ३/० चालतात. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढावं. नखाला धरलं तर धारदार, घसरलं तर बोथट. गंजलेला गळ घासून वापरण्यापेक्षा टाकून द्यावा.

शिशाचे मणी दातानं दाबून तंगुसाला बसवायची सवय अनेकांना आहे. ती मोडावी. शिसं विषारी आहे, लहान मुलांना तर फारच घातक. पक्कड वापरावी, शिसं हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये. दगड-कपारीत अडकून वजन वारंवार जात असेल, तर जुने नट-बोल्ट बांधले तरी काम भागतं आणि पैसाही वाचतो.

बोया म्हणून थर्माकोलचा तुकडा चालतो, पण त्याचा चुरा पाण्यात राहतो. प्लॅस्टिकचा बोया एकदा घेतला की वर्षानुवर्षं टिकतो.

आमिष घरचंच

चिलापीला गांडूळ आणि कणकेची गोळी. रोहू-कटल्याला शेंगदाण्याची पेंड, भाताचा कोंडा, बेसन यांचा घट्ट गोळा. गोळा पाण्यात टाकल्यावर लगेच विरघळू नये, आणि दगडासारखाही राहू नये. काठावरच्या पाण्यात टाकून आधी बघावं. मरळीला रबरी बेडूक चांगला, त्याचे गळ वरच्या बाजूला असल्यानं गवतात अडकत नाहीत. महागड्या 'सुगंधी' पुड्या नवख्यानं पहिल्या दिवशी घ्यायची गरज नाही.

पैशाची वाटणी आणि ऑनलाइन खरेदी

पैसे मोजकेच असतील तर आधी चांगलं तंगूस आणि गळ, मग रीळ, मग काठी, आणि रबरी मासे सगळ्यात शेवटी. साध्या काठीवर चांगलं तंगूस मासा काढून देतं. भारी काठीवर सडकं तंगूस देत नाही.

ऑनलाइन मागवताना काठीची उघडी आणि बंद लांबी, वजन, परत घेण्याची मुदत वाचावी. वाटेत काठी मोडण्याचे प्रकार होतात, म्हणून पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवावा. बिल जपावं. तक्रारीची दखल घेतली जात नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. सुटे भाग मिळत असतील तर गावातलं दुकान थोडं महाग असलं तरी परवडतं.

जिवापेक्षा मासा मोठा नाही

उजनीकाठी शेतीच्या विद्युत मोटारी आणि त्यांच्या केबल पाण्यापर्यंत गेलेल्या असतात. कार्बनच्या काठीतून वीज वाहते, ओल्या बांबूतूनही वाहू शकते. डोक्यावर तारा असतील तिथं काठी उभारू नये, केबलजवळ पाण्यात उतरू नये, केबलला अडकलेला गळ ओढू नये. आभाळ गडगडलं की काठी खाली ठेवून पक्क्या इमारतीत जावं, झाडाखाली नाही.

पाणी उतरल्यावर वरून सुकलेला दिसणारा गाळ आतून ओला असतो, पाय कमरेपर्यंत रुततो. अनोळखी काठावर एकट्यानं जाऊ नये.

होडीत बसायचं तर अंगात लाइफ जॅकेट हवंच. मे २०२४ मध्ये कुगाव ते कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा बळी गेला, हे या भागातलं कुणीही विसरलेलं नाही. जॅकेट घेताना आपल्या वजनाचं घ्यावं, सगळे बंद लावून दुसऱ्याला खांद्याजवळून वर उचलायला सांगावं. ते कानापर्यंत सरकलं तर मोठं झालं. हवेची ट्यूब किंवा रिकामा कॅन म्हणजे जॅकेट नव्हे.

परवानगी आणि पाण्याची मर्यादा

तलाव-जलाशयांतली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना किंवा ठेकेदारांना दिलेली असते. त्यावर अनेक घरं चालतात. त्यामुळं गळ टाकण्यापूर्वी तिथल्या संस्थेला किंवा मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात विचारावं. मच्छीमारांच्या जाळ्यांजवळ गळ टाकू नये. जिलेटिन लावून किंवा विष टाकून मासे मारणं कायद्यानं गुन्हा आहे.

पावसाळा हा रोहू-कटल्यासारख्या माशांचा विणीचा काळ. पोटात गाबोळी असलेली मादी आणि बोटभर पिल्लं सोडून द्यावीत. लालसर पिल्लांचा थवा पाण्यावर दिसला तर खाली मरळ राखण करत असते. तिथं गळ टाकला तर अख्खा थवा उघड्यावर पडतो. मासा सोडायचा असेल तर गळाचं उलटं काट पकडीनं आधीच दाबून ठेवावं, ओल्या हातानं धरावं.

तुटलेलं तंगूस काठावर टाकू नये. भिगवण-कुंभारगावच्या पाण्यात रोहित पक्षी येतात, त्यांच्या पायात ते अडकतं. चरायला येणाऱ्या शेळ्या-गुरांचंही तेच. बारीक तुकडे करून घरच्या कचऱ्यात टाकावेत.

साहित्य टिकवायचं तर

घरी आल्यावर काठी ओल्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवावी. रीळ बादलीत बुडवू नये, वरून पुसावं. ड्रॅग सैल करून ठेवावा. मुठीच्या सांध्याला आणि दोऱ्याच्या फिरकीला महिन्यातून एक थेंब तेल पुरे. गळ वाळवून झाकणाच्या डबीत, मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवावेत. एवढं केलं तर साधा सेटही चार-पाच हंगाम आरामात जातो.