चार स्पीकर आणि एक खटका

तारांचा विषय निघाला की आमच्यासारख्या सिग्नल्सवाल्याची गाडी लवकर थांबत नाही, याची नेहमीच्या श्रोत्यांना कल्पना आहे. आजचा विषय रणांगणाचा नाही, रंगमंचाचा आहे. गिटारवाल्यामागे कमरेएवढी काळी पेटी असते, तिला कॅबिनेट म्हणतात. पुष्कळशा कॅबिनेटच्या पाठीवर एक छोटी पट्टी, तिच्यात दोन जॅक आणि मधे एक खटका असतो. खटक्याच्या एका बाजूला मोनो, दुसऱ्या बाजूला स्टिरिओ. हा खटका तिथे कसा आला आणि आतल्या तारा काय करतात, एवढंच आज सांगणार आहे.

स्टिरिओची कल्पना गिटारवाल्यांची नव्हे. ती ॲलन ब्लमलाइन या इंग्रज इंजिनिअरची. बोलपट पाहताना नट पडद्याच्या एका बाजूला आणि आवाज भलतीकडून, हे त्याला खटकलं, अशी हकीकत सांगतात. ईएमआय कंपनीत असताना डिसेंबर १९३१ मध्ये त्याने पेटंटचा अर्ज केला. दोन कानांसाठी दोन स्वतंत्र वाटा आणि एकाच खोबणीच्या दोन भिंतींवर दोन ध्वनी कोरण्याची रीत, हे सगळं त्यात आहे. बाजारात स्टिरिओ तबकड्या रुळायला १९५८ उजाडलं. ते बघायला ब्लमलाइन उरला नव्हता. ७ जून १९४२ रोजी एच-टू-एस या रडारची चाचणी घेताना हॅलिफॅक्स बॉम्बर विमान कोसळलं आणि आतले अकराही जण गेले. ब्लमलाइन अडतीस वर्षांचा होता. सैनिकांच्या यादीत असे लोक येत नाहीत, म्हणून मुद्दाम नाव घेतलं.

गिटार मात्र मोनोच राहिली. एक तार, एक ॲम्प, एक पेटी. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाचे ढोलवादक दुकान चालवत. १९६२ मध्ये केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांच्या हातून त्यांनी फेंडर बासमनच्या धर्तीवर ॲम्प करवून घेतला. त्या काळचा बारा इंची सेलेस्टियन स्पीकर पंधरा-वीस वॅट सोसायचा. दोन स्पीकर कमी पडले, म्हणून चार आले. पुढे 'द हू'च्या पीट टाउनशेंडने आठ स्पीकरांची एकच पेटी मागितली. ती उचलणाऱ्या हमालांनी हात टेकले, तेव्हा तिचे दोन भाग करून एकावर एक ठेवले. आज ज्या उभ्या ढिगाची एवढी ऐट आहे, त्याचं मूळ हमालांच्या तक्रारीत आहे.

आता गणित. सोपं आहे, पळू नका. समजा प्रत्येक स्पीकर १६ ओहमचा आहे. दोन स्पीकर समांतर जोडले की ८ ओहम होतात. अशा दोन जोड्या एकामागे एक, म्हणजे एकसर जोडल्या की पुन्हा १६. चार स्पीकर लावूनही ॲम्पला वाटतं की एकच स्पीकर आहे! त्याच जोड्या आपसात समांतर केल्या तर ४ ओहम. आणि जोड्या वेगळ्याच ठेवल्या तर डावीकडे ८, उजवीकडे ८. स्पीकर तेच, फक्त तारांची वाट बदलते. खटक्याचं सगळं काम एवढंच.

पण खटका हवा कशाला? १९५९ मध्ये गिब्सनने ईएस-३४५ ही स्टिरिओ गिटार काढली, दोन पिकअपचे आवाज दोन ॲम्पना जातील अशी. ती फार पसरली नाही. खरा बदल केला जपानच्या रोलँड कंपनीने. १९७५ चा त्यांचा जेसी-१२० म्हणजे एकाच खोक्यात साठ-साठ वॅटचे दोन ॲम्प आणि बारा इंची दोन स्पीकर. कोरसमध्ये एका बाजूने सरळ आवाज, दुसऱ्या बाजूने किंचित डोलणारा. दोन्हींची मिसळ तारेत होत नाही, हवेत होते. तोच आवाज मोनो करून ऐकवा, निम्मी मजा जाते. पुढे ऐंशीच्या दशकात यंत्रांची कपाटंच्या कपाटं घेऊन वादक हिंडू लागले, आणि हातातल्या चार स्पीकरांच्या पेटीने दोन्ही कामं करावीत अशी मागणी आली. मार्शलच्या १९६० ए आणि १९६० बी या पेट्यांवर हा खटका दिसतो. (१९६० हा मॉडेलचा आकडा आहे, सालाचा नव्हे. यावर बरीच पैज लागते.) त्यात ७५ वॅटचे चार स्पीकर असले तर मोनोत ३०० वॅट, स्टिरिओत दर बाजूला १५०.

घरी जोडणी करायची तर दुपदरी खटका घ्या, म्हणजे एका हालचालीत दोन वाटा बदलणारा. पहिला पदर डाव्या जोडीची उणे तार सांभाळतो: स्टिरिओत ती जॅकच्या बाहेरच्या कड्याला, मोनोत उजव्या जोडीच्या अधिक टोकाला. दुसरा पदर मोनोत उजवा जॅक तोडून टाकतो. हा दुसरा पदर लोक वाचवतात, आणि तिथेच घात होतो. दुसरा जॅक जिवंत राहिला आणि कोणी त्यात दुसरा ॲम्प खुपसला, तर दोन ॲम्प एकमेकांच्या अंगावर जातात. शिवाय काही ट्रान्झिस्टर ॲम्पच्या दोन्ही तारा जिवंत असतात. त्यांना दोन्ही जॅकांची सामाईक उणे तार चालत नाही. धातूच्या पट्टीवर दोन जॅक बसवले की ती आपोआप सामाईक होते, हे ध्यानात ठेवा.

ईशान्येत असताना एका युनिटच्या जॅझ बँडमध्ये एका नायकाने वाजता वाजता खटका सरकवला. व्हॉल्व्हचा ॲम्प होता. क्षणभर भार तुटला, आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब उसळला आणि जळका वास आला. बडा खाना अर्ध्यावर, ॲम्प कायमचा गप्प. तो ॲम्प पोरांनी वर्षभर वर्गणी काढून घेतला होता. ट्रान्झिस्टरचा ॲम्प भाराविना टिकतो, पण फार कमी ओहमने तापतो. व्हॉल्व्हवाल्याची भीती उलटी. दोन्हींसाठी नियम एकच: आधी ॲम्प बंद, मग खटका.

माझं मत विचाराल तर एका पेटीतला स्टिरिओ फसवा आहे. पेटी जेमतेम अडीच फूट रुंद, पंधराव्या रांगेतल्या माणसाला डावं-उजवं काय कळणार? दोन पेट्या मोनोवर ठेवून रंगमंचाच्या दोन टोकांना लावा. वाजवणाऱ्याला मात्र एका पेटीतही कोरस छान लागतो, आणि तो खूष असला की वाजवतोही बरा.

जोडणी झाल्यावर मल्टिमीटर लावा. १६ ओहमच्या जागी १३ च्या आसपास दिसेल, घाबरू नका. मीटर फक्त तारेचा रोध मोजतो. मग दीड व्होल्टचा सेल जॅकच्या टोकाला अधिक आणि कड्याला उणे असा क्षणभर टेकवा. चारही पडदे एकदम बाहेर यायला हवेत. एखादा आत गेला, तर त्याच्या दोन तारा अदलाबदल करा, नाहीतर खर्जच नाहीसा होईल.