हरवलेल्यांची हाक

रानात किंवा समुद्रावर वाट चुकलेल्या माणसाजवळ पूर्वी दोनच साधने असत: आरोळी आणि धूर. आज त्याच्या खिशात मावेल असे संकटसूचक यंत्र मिळते. कळ दाबली की ते ४०६ मेगाहर्ट्झच्या लहरीवर उपग्रहाला हाक देऊ लागते. त्याच्या इतिहासात मात्र दुःखही आहे.

१६ ऑक्टोबर १९७२ रोजी अलास्कातील अँकरेजहून जूनोकडे एक लहान सेसना विमान निघाले. त्यात अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातील बहुमतवाल्या पक्षाचे नेते हेल बॉग्ज आणि अलास्काचे प्रतिनिधी निक बेगिच होते. विमान पोचलेच नाही. ३९ दिवस शोध चालला. साधा अवशेषही हाती लागला नाही. त्या अवधीत निवडणूक झाली आणि मतदारांनी त्या दोघांनाही निवडून दिले! विमानात संकटसूचक बसविण्याचा कायदा १९७० सालीच झाला होता. पण त्याला १९७३ अखेरची मुदत होती.

नुसती हाक पुरत नाही, ऐकणारा कान हवा. तो स्पुटनिकमुळे लाभला. उपग्रह जवळ येताना व दूर जाताना त्याच्या लहरींची कंपनसंख्या बदलते. तिच्यावरून त्याचा मार्ग काढता येतो, हे १९५७ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत दिसून आले. फलाटावर उभे राहून धावत्या आगगाडीची शिट्टी ऐकणारास हा फरक परिचितच आहे. मार्ग ठाऊक असला की तेच गणित उलटे मांडून जमिनीवरील यंत्राची जागा सापडते.

१९७९ साली, शीतयुद्ध चालू असतानाच, अमेरिका, कॅनडा, फ्रान्स व सोव्हिएत संघ या कामी एकत्र आले. पहिला उपग्रह सोव्हिएतांचा, कॉसमॉस-१३८३. तो ३० जून १९८२ रोजी सुटला. सप्टेंबरात कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरात एक विमान कोसळले. त्यातले तिघे दुसऱ्याच एका हरवलेल्या विमानाच्या शोधार्थ निघाले होते! सोव्हिएत उपग्रहाने त्यांची हाक टिपली आणि तिघेही वाचले.

जुन्या यंत्रांची हाक निनावी असे, खोट्या हाकाही फार येत. ती लहर ऐकणे उपग्रहांनी १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केले. नव्या यंत्राला स्वतःचा संकेतांक असतो. नोंदणी असल्यास आधी मालकाच्या घरी दूरध्वनी करता येतो. नोंदणीवाचून यंत्र घेऊन निघणाऱ्यास काय म्हणावे!

भारतात बंगळूर व लखनौ येथे या हाका ऐकणारी केंद्रे आहेत. मात्र उपग्रहामार्फत निरोपांची देवघेव करणारी यंत्रे येथे परवान्यावाचून बाळगता येत नाहीत. २०२४-२५ मध्ये काही परदेशी प्रवाशांना तेवढ्याच कारणावरून विमानतळावर अडविण्यात आले.