हिमशिखरावरील पायताण



'पायांतली वहाण पायांतच बरी' अशी आपल्याकडे म्हण आहे. भरताने रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवल्या, तेवढाच काय तो पादत्राणाला मिळालेला मान. एरवी वहाणेची जागा उंबरठ्याबाहेर. परंतु पृथ्वीवर अशीही ठिकाणे आहेत, की जेथे माणसाला आपले बूट अंथरुणात घेऊन निजावे लागते. तेथे बूट थिजले तर माणूस अडतो, आणि पाय थिजला तर तो जन्माचा अधू होतो. हिमपर्वतांवर चढणाऱ्यांनी आपली पादत्राणे कशी निवडली आणि चुकलेल्या निवडीची किंमत कशी मोजली, याचा थोडा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रारंभी एक घरगुती अनुभव सांगतो. आमच्या शाळेची मुले घेऊन मी एकदा बेळगावजवळच्या यळ्ळूरच्या गडावर गेलो होतो. एका मुलाने वडील भावाचे भक्कम, जाड तळाचे बूट घातले होते. अंगाने तो सर्वांत दणकट, पण अर्ध्या वाटेवरच मागे पडला. शेवटी त्याने बूट काढून पाठीवरच्या पिशवीत टाकले आणि अनवाणी चालू लागला. थोड्याच वेळात तो सर्वांच्या पुढे! ओझे तेच होते. केवळ पायांतून पाठीवर गेले होते.

यातील मर्म साध्या त्रैराशिकाने कळते. हजार मीटरांचा चढ आहे आणि प्रत्येक पावलागणिक आपण वीस सेंटिमीटर वर जातो असे धरा. म्हणजे पाच हजार पावले झाली. एकेक बूट अर्ध्या किलोने जड असेल, तर पाच हजार वेळा अर्धा किलो अधिक उचलावा लागतो. बेरीज पंचवीस क्विंटल! पायांतले ओझे पाठीवरच्या तेवढ्याच ओझ्यापेक्षा चार ते सहा पट अधिक शिणवते, असे प्रयोगांतीही आढळले आहे. मग हलके बूट घालावेत, इतके सोपे उत्तर का असू नये? कारण बर्फावर बुटाकडून केवळ हलकेपणाची अपेक्षा नसते. त्याने ऊब धरावी, ओल अडवावी आणि घट्ट पकडही द्यावी लागते. हे गुण बहुधा वजन वाढवूनच मिळतात. गिर्यारोहकाच्या बुटाचा इतिहास म्हणजे या ओढाताणीचा इतिहास होय.

आल्प्स पर्वतातील जुने गिर्यारोहक चामड्याच्या बुटांना लोखंडी खिळे ठोकून घेत. खिळे बर्फात रुतत. पण लोखंड थंडी शोषून तळव्यापर्यंत पोहोचवी. 1924 साली एव्हरेस्टवर नाहीसे झालेले जॉर्ज मॅलरी यांचा देह 1999 मध्ये सापडला, तेव्हा पायांत असाच खिळ्यांचा बूट होता. त्यांचे सोबती अँड्र्यू अर्व्हिन यांचा बूट, आत पाऊल व नावाची चिठ्ठी शिवलेला मोजा, 2024 मध्ये हिमनदीवर मिळाला. शंभर वर्षांनंतर त्या तरुणाची ओळख पटली ती त्याच्या पायावरून!

खिळ्यांना पर्याय सापडला तो एका दुर्घटनेतून. 1935 साली पुंटा रासिका या शिखरावर इटालियन गिर्यारोहकांची एक तुकडी गेली होती. खडक चढण्यासाठी त्यांनी जड बूट उतरवून हलकी, पातळ तळांची पादत्राणे चढविली. तोच वादळ आले आणि थंडीने सहा जण दगावले. त्या तुकडीत विताले ब्रामानी नावाचे गृहस्थ होते. खडकावर पकड घेणारा आणि हिमातही तग धरणारा एकच तळ का असू नये, या प्रश्नाने त्यांना झपाटले. 1937 साली त्यांनी खोल खाचांचा रबरी तळ तयार केला. त्यांच्या नावाची व आडनावाची आद्याक्षरे जोडून झालेला 'विब्रम' हा शब्द आज जगभरच्या बुटांच्या तळांवर वाचावयास मिळतो.

निव्वळ कठीण बर्फाची गोष्ट मात्र निराळी. तेथे बुटाखाली लोखंडी काट्यांचा सांगाडा, म्हणजे क्रॅम्पॉन, बांधावा लागतो. 1908 च्या सुमारास ऑस्कर एकेन्स्टाइन या इंग्रज अभियंत्याने दहा काट्यांचा क्रॅम्पॉन आखला; इटलीतील कुर्मायर येथील ग्रिवेल या लोहाराने तो घडविला. 1929 मध्ये त्याच घराण्यातील लोराँ ग्रिवेल यांनी पुढच्या बाजूस आणखी दोन काटे बसविले. त्यांचा प्रताप 1938 साली आयगर शिखराच्या उत्तर भिंतीवर दिसला. बारा काट्यांचे हेकमायर व फ्योर्ग हे बर्फात पायऱ्या खोदत चाललेल्या कास्पारेक व हारर यांना गाठू शकले. हारर यांच्यापाशी तर क्रॅम्पॉनच नव्हते! पुढे चौघांनी मिळून ती भिंत जिंकली. परंतु पुढच्या काट्यांवर उभे राहावयाचे तर बुटाचा तळ वाकता कामा नये. म्हणजे हलकेपणाच्या मागणीला ताठपणाची आणखी एक मागणी येऊन भिडली.

आता 1950 सालच्या 3 जूनकडे वळू. मोरिस एर्झोग आणि लुई लाशनाल हे दोघे फ्रेंच 8,091 मीटर उंचीच्या अन्नपूर्णेवर चढत होते. बूट चामड्याचे होते आणि पाय बधिर होत चालले होते. लाशनाल वाटेत बूट काढून पाय चोळू लागले. ते व्यवसायाने वाटाडे. पाय हेच त्यांचे पोट. आपण परतलो तर काय कराल, असे त्यांनी एर्झोगना विचारले. एकटा पुढे जाईन, असे उत्तर आले. सोबत्याला एकटे सोडणे लाशनाल यांच्या मनाला पटेना, ते निघाले. आठ हजार मीटरांवरील शिखर मनुष्याने प्रथमच जिंकले, पण दोघांच्याही पायांची सर्व बोटे कापावी लागली. उतरताना लाशनाल यांचे सुजलेले पाय त्यांच्या बुटांत शिरेनात, तेव्हा लिओनेल तेरे या मित्राने आपले मोठे बूट त्यांना दिले आणि त्यांचे तोकडे बूट सुरीने चिरून स्वतःच्या पायांत कोंबले. त्या उंचीवर याहून मोठे दान कोणते?

तीन वर्षांनी एव्हरेस्टच्या ब्रिटिश मोहिमेने हा धडा ध्यानी ठेवला. केटरिंग येथील पादत्राण-संशोधन संस्थेने वरच्या टप्प्यासाठी निराळे बूट तयार केले. बाहेर पातळ कातडे, आत ओल अडविणारे अस्तर आणि मधोमध कॅपॉकचा जाड थर. कॅपॉक म्हणजे आपण उशांत भरतो त्या सावरीच्या कापसाचा भाऊबंद! तळ सूक्ष्म छिद्रांच्या रबराचा. एवढे करून जोडीचे वजन दोन किलोंच्या आसपास. पण घामाची व श्वासाची ओल कोणाला चुकली? 29 मे 1953 च्या पहाटे, 27,900 फुटांवरील तंबूत, हिलरींनी रात्री काढून ठेवलेले बूट दगडासारखे गोठलेले आढळले. ते स्टोव्हवर शेकून मऊ करण्यात मोलाचा वेळ गेला. तेनसिंग यांनी आपले बूट पायांतच ठेवले होते. ते आदल्या वर्षीच्या स्विस मोहिमेतले, रेनडियरच्या कातड्याचे. साहेबाच्या प्रयोगशाळेइतकीच शेर्पाच्या अनुभवाचीही किंमत त्या पहाटे ठरली.

पुढे प्लास्टिकचे, आत निराळा मोजाबूट असलेले जोडे आले. आता कृत्रिम धाग्यांचे आले आहेत. बर्फाची भिंत चढण्याचे आजचे हलके बूट जोडीला दीड किलोच्या जवळपास भरतात. परंतु ते एका दिवसाच्या चढाईचे सोबती. आठ हजार मीटरांवर ते घालणे म्हणजे अन्नपूर्णेचा धडा पुन्हा गिरविणे. म्हणून निवड करताना आधी डोंगर पाहावा, मग तराजू. बूट संध्याकाळी, पाय किंचित फुगलेले असताना, जाड मोजे घालून पाहावा. टाच उचलू नये; भिंतीवर लाथ मारली तर बोटे पुढे आपटू नयेत. बोटे आत मोकळी हलली पाहिजेत, कारण रक्त खेळले नाही तर उबदार बूटही पाय गोठवितो.

वहाण पायांतच बरी, हे तेनसिंग यांनी अक्षरशः खरे केले. पण ती कोणती असावी, याचा विचार मात्र आधी डोक्याने केला पाहिजे. लाशनाल यांच्यापाशी धैर्य उणे नव्हते. बूट उणे होते.