परदेशी नर्सिंग परवान्याची परीक्षा: शेवटच्या उजळणीसाठी नेमके मुद्दे

माझी भाची जीएनएम झालेली. तीन वर्षांचा कोर्स, मग हॉस्पिटलात दोन वर्षं ड्युटी, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, सगळं व्यवस्थित. तरी आखाती देशाच्या परवान्याची परीक्षा पहिल्या वेळी थोडक्यात हुकली. फी गेली, व्हिसाचं काम लांबलं, घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. मी शाळेत शिकवते, नर्सिंगमधलं मला काही कळत नाही. पण तिची वही हातात घेऊन मी विचारलं, "रक्तात पोटॅशियम किती हवं?" ती म्हणाली, "साडेतीन ते पाच, खाला." मी विचारलं, "आणि सहा निघालं तर सगळ्यात आधी काय करशील?" ती गप्प झाली.

गोम तिथेच होती. आकडे पाठ होते, पण आकडा बिघडल्यावर पहिली कृती कोणती, हे पाठ नव्हतं. आणि परीक्षा तेच विचारते. दुसऱ्या वेळी आम्ही वही नव्याने लिहिली: डावीकडे आकडा, उजवीकडे "मग मी काय करणार?" त्या वहीतले मुद्दे रत्नागिरी, रायगड, मुंब्रा, भिवंडीच्या मुलामुलींना उपयोगी पडावेत म्हणून इथे देत आहे. ही उजळणी आहे, पुस्तकाला पर्याय नाही. पुस्तकागणिक आकड्यांत थोडा फरक दिसतो, तेव्हा आपल्या अभ्यासाचं एक पुस्तक ठरवून त्याचेच आकडे धरावेत.

कोणता देश, कोणता परवाना

सौदी अरबस्तानात परवाना सौदी कमिशन फॉर हेल्थ स्पेशालिटीज देते. अर्ज मुमारिस प्लस या पोर्टलवर होतो. अमिरातीत तीन वेगळ्या यंत्रणा आहेत: दुबईसाठी डीएचए, अबुधाबीसाठी डीओएच आणि बाकीच्या अमिरातींसाठी आरोग्य मंत्रालय. कागदपत्रांची पडताळणी डेटाफ्लोमार्फत होते. ती कंपनी आपलं कॉलेज, कौन्सिल आणि हॉस्पिटल यांना थेट विचारते. म्हणून अनुभवाचं पत्र खरंच असलं पाहिजे. खोटं पत्र निघालं तर पुढचे दरवाजे बंद होतात.

आखाती परीक्षा साधारणपणे कॉम्प्युटरवर, पर्यायी उत्तरांची असते. अमेरिकेची एनसीएलईएक्स मात्र वेगळी आहे. एप्रिल 2023 पासून तिच्यात कमीत कमी 85 आणि जास्तीत जास्त 150 प्रश्न येतात, वेळ 5 तास. तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न सोपा किंवा अवघड होतो. प्रश्न अवघड यायला लागले म्हणून घाबरू नका, ते चांगलं लक्षणही असू शकतं.

पहिलं कोण, पहिलं काय

प्रश्नात "सर्वात आधी" हे शब्द दिसले की हा क्रम आठवा.

1. श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण.
2. जुनाट त्रासापेक्षा अचानक सुरू झालेला त्रास आधी.
3. अपेक्षित तक्रारीपेक्षा अनपेक्षित तक्रार आधी. ऑपरेशननंतर दुखणं अपेक्षित आहे, श्वास घरघरणं नाही.
4. आधी तपासणी, मग कृती. पण जीव धोक्यात आहे हे प्रश्नातच सांगितलं असेल, तर थेट कृती.

उदाहरण बघा. चार पेशंट आहेत: एकाला ऑपरेशननंतर वेदना, एकाची शुगर 180, एकाच्या प्लास्टरमध्ये खाज आणि एकाचं थायरॉइडचं ऑपरेशन होऊन श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज. आधी कोण? चौथा, कारण त्याचा श्वासमार्ग बंद होऊ शकतो.

आणखी एक सापळा. दम्याच्या पेशंटची घरघर अचानक थांबली आणि तो थकलेला दिसतोय. "बरा झाला" असं वाटतं, पण छातीत हवाच जात नाही म्हणून आवाज थांबलेला असतो. ही धोक्याची खूण.

आणि "डॉक्टरांना कळवा" हा पर्याय दिसला की लगेच टिक करू नका. त्याआधी नर्सच्या हातात काही करण्यासारखं आहे का, ते बघा. परीक्षेतलं हॉस्पिटल आदर्श असतं. तिथे सामान असतं, माणसं असतात आणि तुमच्याकडे वेळही असतो. आपल्या वॉर्डात कसं चालतं, ते बाजूला ठेवून उत्तर द्यायचं.

आकडा आणि त्यापुढची कृती

पोटॅशियम: 3.5 ते 5.0. वाढलं तर पोटॅशियम असलेली ड्रिप आणि औषध थांबवा, हार्ट मॉनिटर लावा, डॉक्टरांना कळवा. कमी असलं तरी पोटॅशियमचं इंजेक्शन शिरेत थेट कधीच द्यायचं नाही. ते नेहमी पातळ करून, हळूहळू, पंपावर.

सोडियम: 135 ते 145. बिघडलं तर मेंदूवर परिणाम होतो. गोंधळलेपणा आणि झटके यांवर नजर ठेवा.

कॅल्शियम: 8.5 ते 10.5. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर ओठांभोवती मुंग्या आल्या तर ते कमी झाल्याचा संशय घ्या. कॅल्शियम ग्लुकोनेट आणि ट्रॅकिओस्टॉमीचा सेट पलंगाजवळ हवा.

शुगर: 70 च्या खाली म्हणजे हायपोग्लायसेमिया. पेशंट शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर 15 ग्रॅम लगेच चढणारी साखर द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडाने काहीही नाही: शिरेतून डेक्स्ट्रोज किंवा ग्लुकॅगॉन. परदेशात बऱ्याच ठिकाणी शुगर मिलिमोलमध्ये लिहितात. त्या आकड्याला 18 ने गुणलं की आपला मिलिग्रॅमचा आकडा मिळतो.

रक्तातले वायू: पीएच 7.35 ते 7.45, कार्बन डायऑक्साइड 35 ते 45, बायकार्बोनेट 22 ते 26. पीएच आणि कार्बन डायऑक्साइड उलट दिशेला गेले तर बिघाड श्वसनाचा, पीएच आणि बायकार्बोनेट एकाच दिशेला गेले तर चयापचयाचा. पीएच 7.30, कार्बन डायऑक्साइड 50, बायकार्बोनेट 24: हा श्वसनाचा अ‍ॅसिडोसिस.

ग्लासगो स्केल: कमीत कमी 3, जास्तीत जास्त 15. 8 किंवा खाली आलं तर श्वासमार्ग सांभाळण्याची तयारी.

औषध, त्याचा धोका, त्याचा उतारा

डिगॉक्सिन देण्याआधी हृदयाच्या टोकाशी पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. मोठ्या माणसाचे ठोके 60 च्या खाली असतील तर डोस थांबवून कळवा. मळमळ आणि नजरेला पिवळसर दिसणं ही विषबाधेची खूण. पोटॅशियम कमी असेल तर हा धोका वाढतो.

हेपॅरिनसाठी एपीटीटी तपासा, उतारा प्रोटामाइन सल्फेट. वॉरफरिनसाठी आयएनआर, जो बहुतेक वेळा 2 ते 3 ठेवतात, उतारा व्हिटॅमिन के.

मॉर्फिन देण्याआधी श्वास मोजा. 12 पेक्षा कमी असतील तर देऊ नका. उतारा नॅलॉक्सोन. पॅरासिटॅमॉल जास्त झाल्यास अ‍ॅसिटिलसिस्टिन. डायझेपामच्या गटासाठी फ्लुमाझेनिल. शेतावरच्या कीटकनाशकाच्या, म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत अ‍ॅट्रोपिन आणि प्रालिडॉक्सिम.

मॅग्नेशियम सल्फेट चालू असताना तीन गोष्टी बघा: गुडघ्याचा रिफ्लेक्स, श्वास आणि लघवी. रिफ्लेक्स गेला, श्वास 12 च्या खाली आले किंवा लघवी तासाला 30 मिलिच्या खाली गेली तर ड्रिप बंद. उतारा कॅल्शियम ग्लुकोनेट.

इन्सुलिन मिसळताना आधी स्वच्छ दिसणारं रेग्युलर ओढायचं, मग गढूळ एनपीएच.

रक्त चढवताना

दोन जणांनी पेशंटची ओळख आणि पिशवी जुळवायची. सोबत फक्त नॉर्मल सलाइन, डेक्स्ट्रोज नाही. पहिली 15 मिनिटं पेशंटजवळच थांबायचं. पिशवी 4 तासांत संपली पाहिजे. थंडी वाजली, कंबर दुखली, श्वास लागला, तर पहिली कृती एकच: रक्त बंद करा. मग नवीन नळीने सलाइन, मग डॉक्टरांना फोन.

संसर्ग आणि खबरदारी

टीबी, गोवर, कांजिण्या हवेतून पसरतात: एन 95 मास्क आणि निगेटिव्ह प्रेशरची खोली. फ्लू, डांग्या खोकला, मेनिंगोकॉकल मेंदुज्वर थेंबांतून: साधा सर्जिकल मास्क. सी. डिफिसिलच्या जुलाबात हात साबण-पाण्यानेच धुवा, सॅनिटायझर त्याचे बीजाणू मारत नाही.

साहित्य चढवण्याचा क्रम: गाऊन, मास्क, चष्मा, ग्लोव्ह्ज. उतरवताना: ग्लोव्ह्ज, चष्मा, गाऊन, शेवटी मास्क.

गर्भवती आणि बाळ

गर्भातल्या बाळाचे ठोके मिनिटाला 110 ते 160. अपगार गुण जन्मानंतर 1 आणि 5 मिनिटांनी, 7 ते 10 चांगले. नाळ आधी बाहेर आली तर आईला गुडघे-छाती स्थितीत ठेवा. नाळ आत ढकलायची नाही. प्रसूतीची तारीख काढताना शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात 7 दिवस मिळवा, 3 महिने मागे या, वर्ष पुढचं घ्या. 10 जून 2024 ला पाळी, तर तारीख 17 मार्च 2025.

हिशेबाचे हमखास मार्क

ड्रिप: मिलि गुणिले ड्रॉप फॅक्टर, भागिले मिनिटं. 1000 मिलि 8 तासांत, फॅक्टर 15: 15000 भागिले 480, म्हणजे मिनिटाला 31 थेंब.

भाजणं: डोकं 9, प्रत्येक हात 9, छाती-पोट 18, पाठ 18, प्रत्येक पाय 18, जननेंद्रियाचा भाग 1 टक्का. पार्कलँड सूत्र: 4 मिलि गुणिले वजन गुणिले टक्के. 60 किलोचा माणूस 30 टक्के भाजला तर 7200 मिलि. निम्मं, म्हणजे 3600, पहिल्या 8 तासांत. हे 8 तास भाजल्यापासून मोजायचे, हॉस्पिटलात आल्यापासून नाही. इथेच बहुतेकांचा मार्क जातो.

सीपीआर: मोठ्या माणसात 30 दाब, 2 श्वास. वेग मिनिटाला 100 ते 120, खोली 5 ते 6 सेंटिमीटर.

घरच्यांसाठी दोन शब्द

अभ्यास तिचा असला तरी रोज अर्धा तास वही हातात धरून प्रश्न विचारायला नर्स असावं लागत नाही. अम्मी, अब्बू, धाकटा भाऊ, कुणीही विचारू शकतं. उत्तर बरोबर आलं तरी पुढे विचारा, "मग आधी काय करशील?" चुकलेला प्रश्न वेगळ्या पानावर लिहायला सांगा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. परीक्षेच्या आठवड्यात लग्नकार्याची कामं तिच्या गळ्यात घालू नका.

पैशांचंही बघा. परदेशी नोकरी लावणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला हवा. त्याचं नाव ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतं. कायद्याने तो सेवाशुल्क जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढंच घेऊ शकतो. "परीक्षा न देता परवाना मिळवून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच सलाम करा. दागिने गहाण ठेवायची वेळ त्यातूनच येते.

आमची भाची दुसऱ्या वेळी पास झाली. निकाल सांगायला तिने फोन केला, तेव्हा मी विचारलं, "पोटॅशियम सहा निघालं तर?" ती हसून म्हणाली, "ड्रिप बंद, मॉनिटर लावा, मग डॉक्टर. आता तरी वही ठेव, खाला."