राजीनामा आणि जनादेश : गुजरात, 1974



निवडून दिलेला प्रतिनिधी मुदतीपूर्वी परत बोलावण्याचा अधिकार मतदाराला असावा काय, हा प्रश्न क्रमिक पुस्तकात वाचणे वेगळे आणि गुजरातमध्ये राहून त्याचा विचार करणे वेगळे. कायद्याने जो अधिकार दिला नव्हता, तो या राज्याने 1974 साली रस्त्यावर उतरून बजावला.

ठिणगी पडली ती डिसेंबर 1973 मध्ये, अहमदाबादच्या एल. डी. अभियांत्रिकी महाविद्यालयात, खाणावळीच्या वाढलेल्या बिलावरून. तेल आणि धान्य महागले होते. त्यामुळे विद्यार्थ्यांची तक्रार घराघरांची तक्रार झाली आणि नवनिर्माण आंदोलन उभे राहिले. 1972 मध्ये 168 पैकी 140 जागा जिंकलेल्या पक्षाचे मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना 9 फेब्रुवारी 1974 रोजी पायउतार व्हावे लागले. परंतु विधानसभा विसर्जित न होता केवळ स्थगित राहिली, आणि येथूनच आपल्या विषयाला खरा आरंभ होतो. आंदोलकांनी आता एकेका आमदाराचे दार गाठले. घेराव पडू लागले, राजीनामे लिहून घेतले जाऊ लागले. काही पक्षांनी आपण होऊन आपल्या आमदारांना राजीनामे द्यावयास लावले, हेही नमूद केले पाहिजे. मार्चमध्ये मोरारजी देसाई उपोषणास बसले, राजीनाम्यांची संख्या सभागृहाच्या निम्म्यापलीकडे गेली आणि विधानसभा विसर्जित झाली. तोवर संचारबंदी आणि गोळीबार यांच्या त्या दिवसांत सुमारे शंभर माणसे प्राणांस मुकली होती.

याला मतदारांनी प्रतिनिधी परत बोलावणे म्हणावे काय? मला तसे म्हणवत नाही. त्या काळी मतदानाचे वय 21 होते. ते 18 झाले 1989 मध्ये. म्हणजे आमदाराच्या दारात उभ्या असलेल्या तरुणांपैकी कित्येकांना मताचा अधिकारच नव्हता, आणि ज्यांना होता ते कोणत्या मतदारसंघाचे, हे विचारण्याची सोयही नव्हती. संताप न्याय्य होता. मोजणी मात्र झाली नाही. ती झाली जून 1975 च्या निवडणुकीत. जनता मोर्चाचे बाबूभाई पटेल मुख्यमंत्री झाले खरे, परंतु पराभूत काँग्रेसच्या पदरातही 75 जागा पडल्या. पुढे 1990 मध्ये चिमणभाई पुन्हा मुख्यमंत्री झाले, तेही निवडणुकीच्या मार्गाने! ज्याला जनतेने घालविले, त्याला जनतेनेच परत आणावे, यात विसंगती शोधणाऱ्यांनी जरूर शोधावी.

दिल्लीने या प्रकरणातून घेतलेला धडा अधिक बोलका आहे. मे 1974 मध्ये 33 वी घटनादुरुस्ती झाली. राजीनामा स्वेच्छेने दिलेला वा खरा नाही असे वाटल्यास अध्यक्षाने तो स्वीकारू नये, अशी तरतूद तिने केली. दांडगाईला आळा घालणे योग्यच होते. पण ज्या गाऱ्हाण्यातून दांडगाई उपजली, त्याला सनदशीर वाट देणारे चंद्रप्पन यांचे प्रतिनिधी परत बोलावण्याविषयीचे विधेयक लोकसभेत संमत झाले नाही. प्रतिनिधीचे दार भक्कम झाले, मतदाराचे उघडलेच नाही.

4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनासमितीत डॉ. आंबेडकरांनी संसदीय पद्धतीचा पुरस्कार केला, तो तीत शासनाच्या कारभाराची परीक्षा सभासद दररोज आणि मतदार ठरावीक काळाने करतात म्हणून. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याने ही रोजची परीक्षा पक्षादेशाच्या हाती दिली. पक्षादेश मोडणाऱ्याचे सभासदत्व जाऊ शकते. मतदारांना दिलेला शब्द मोडणाऱ्याचे जात नाही. परत बोलावण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, पण तो पक्षाला आहे, एवढेच!

छोट्या क्षेत्रात मात्र प्रयोग झाले आहेत. मध्य प्रदेशात नगराध्यक्षासाठी ‘भरी कुर्सी’ आणि ‘खाली कुर्सी’ या चिन्हांवर गुप्त मतदान होते. छत्तीसगढमध्ये 2008 साली तीन नगरपंचायतींचे अध्यक्ष अशाच मतदानाने पायउतार झाले. दोष एवढाच, की आरंभ तीन-चतुर्थांश नगरसेवकांच्या अर्जाने होतो, त्यामुळे गटबाजीला वाव राहतो. अर्ज मतदारांचा, पहिली दोन वर्षे सोडून, आणि निर्णय गुप्त मतदानाने, अशी रचना असेल तर आमदारापर्यंत हा अधिकार न्यावा, असे माझे मत आहे.

आपल्या सुरतेने तर नवाच पेच घातला आहे. एप्रिल 2024 मध्ये एका प्रमुख उमेदवाराचा अर्ज बाद झाला, उरलेल्यांनी माघार घेतली आणि लोकसभेचा सभासद बिनविरोध निवडून आला. मतदान झालेच नाही. ‘यांपैकी कोणीही नाही’ हे बटणही कुणाच्या बोटाखाली आले नाही. जेथे कौल घेतलाच गेला नाही, तेथे परत घ्यावयाचे ते काय, याचे उत्तर असा कायदा करणाऱ्यांना पहिल्याच कलमात द्यावे लागेल.